दहा नव्याण्णवची गाडी

पोवई नाक्यावरून ऑफिसला जाताना माझी स्कूटर रोज एका फलकाखाली थांबते. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘फक्त 10.99 लाखांपासून’ असं लिहिलंय आणि आकड्याच्या डोक्यावर छोटासा तारा आहे. फलकावरचा बाकी सगळा मजकूर मराठीत आहे. ताऱ्याचा खुलासा मात्र अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. तो मी पहिल्यांदा वाचला तो फोनने फोटो काढून, मोठा करून. किंमत सगळ्यात खालच्या व्हेरिएंटची, एक्स-शोरूम (म्हणजे रस्ता कर, विमा न धरता), चित्रातली गाडी प्रत्यक्षात वेगळी असू शकते, किंमत न कळवता बदलू शकते.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. वाहनकर्जाच्या फाइलला शोरूमचं कोटेशन जोडलेलं असतं, त्यामुळे ही कागदपत्रं मी गेली अकरा वर्षं बघते आहे. तरीही आमच्या घरात गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा सुरुवातीला मी त्यात पडले नाही. माझ्या वडिलांची, अण्णांची हौस होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून सात जणांची गाडी घ्यायची, आईला आणि नातवंडांना घेऊन जेजुरीला जायचं, असं ते दोन वर्षं बोलत होते. ते धाकट्या भावाला घेऊन शोरूमला गेले, एकवीस हजार भरून फलकावरच्या त्याच गाडीचं बुकिंग करून आले आणि मला फोन केला, “दसऱ्याला गाडी दारात. शब्द दिलाय त्यांनी.”

ही गोष्ट 2024 ची. त्या वर्षी दसरा 12 ऑक्टोबरला होता. 3 तारखेला महिंद्राने थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि पहिल्या तासाभरात 1,76,000 च्या वर बुकिंग झाली. आमची गाडी ती नव्हती, पण हवा तीच होती. त्याआधी जुलै 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनची एक लाख बुकिंग अर्ध्या तासात झाली होती आणि सुरुवातीची जाहीर किंमत पहिल्या 25,000 जणांपुरतीच होती. म्हणजे बातम्यांत, जाहिरातीत, गप्पांत जो आकडा फिरला, तो बहुतेक बुकिंगवाल्यांच्या वाट्याला येणारच नव्हता. कंपनीने हे आधी सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. पण माणसाच्या डोक्यात पहिला आकडा घट्ट बसतो आणि गाडीला रांग लागली की शोरूममधल्या माणसाला भाव करायची गरजच उरत नाही.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी फोन आला की गाडी अलॉट झाली, चासी नंबर आला, येऊन फायनल करा. या वेळी मीही गेले. टेबलावर कोटेशन आलं ते असं: एक्स-शोरूम 14,20,000. आरटीओ (कर, नोंदणी) 1,75,000. टीसीएस (शोरूमने आपल्याकडून गोळा करून भरायचा आयकर) 14,200. इन्शुरन्स 71,400. ‘एसेन्शियल किट’ 46,500. एक्सटेंडेड वॉरंटी 24,000. हँडलिंग अँड लॉजिस्टिक 9,800. फास्टॅग 600. खाली जाड अक्षरांत एकूण 17,61,500.

अण्णा गप्प बसले होते. त्यांनी घरून निघताना डायरीत सोळा लाख लिहून आणले होते.

यातलं काय योग्य आणि काय नाही, ते नीट सांगते, कारण माझ्या टेबलासमोर बसणारे लोक एक तर सगळंच लबाडी समजतात, नाहीतर सगळंच सरकारी समजतात. 10.99 आणि 14.20 मधला फरक व्हेरिएंटचा आहे. आम्हाला ऑटोमॅटिक हवी होती, तिचे पैसे पडणारच. पेट्रोल गाडीला दहा ते वीस लाखांच्या गटात महाराष्ट्रात बारा टक्के एकरकमी कर आहे, तोही चुकत नाही. दहा लाखांवरच्या गाडीचा एक टक्का टीसीएस आपल्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. अण्णांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, ते 14,200 गेले म्हणूनच धरून चालले होते.

खरा खेळ त्याखालच्या ओळींत असतो. इन्शुरन्स घ्या. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे. तेव्हा, 2024 मध्ये, 1000 ते 1500 सीसीला 10,640 रुपये अधिक जीएसटी होता, कुठल्याही कंपनीत जा. म्हणजे दोन कोटेशनांत जो काही फरक पडतो तो सगळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि ॲड-ऑनमधला. मी तिथेच बसून आमच्या ओळखीच्या एजंटला फोन लावला. तीच विमा कंपनी, तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (भरपाईतून घसारा न कापणारं कव्हर). 50,900. साडेवीस हजारांचा फरक फक्त कुणाच्या टेबलावर पॉलिसी निघते एवढ्यावर.

मग किट. त्यात काय आहे विचारलं तर यादी आली. फ्लोअर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, डोअर व्हायझर, बंपर कॉर्नर, दाराच्या मुठीखाली चिकटवायचे प्लास्टिकचे तुकडे आणि देव्हाऱ्यासारखी डॅशबोर्डवर ठेवायची गणपतीची छोटी मूर्ती. मूर्तीचे 850. ती मूर्ती मी हातात घेऊन बघितली. खाली ‘मेड इन’ काही नव्हतं, चिकटपट्टीचा कागद अर्धा सुटलेला होता. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली आणि जपून परत टेबलावर ठेवली. देवाच्या मूर्तीलाही त्या यादीत बसवलं होतं, याचा मला त्या दिवशी फार राग आला आणि अजूनही येतो.

मी म्हटलं, “मॅट आणि मडफ्लॅप द्या, बाकी किट नको. इन्शुरन्स आम्ही बाहेरून घेऊ.”

सेल्सवाला मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. आवाज चढवला नाही त्याने. तो अण्णांकडे बघून म्हणाला, “काका, तुमची इच्छा. पण किटवाल्या बुकिंगलाच आत्ता गाडी देतोय आम्ही. विदाउट किट म्हणजे पुढच्या लॉटला नाव जाईल. दसरा होणार नाही मग.”

“हे लेखी द्या,” मी म्हटलं.

“मॅडम, असं लेखी नसतं.”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यावर महिन्याला किती किट, किती पॉलिसी, किती वॉरंटी याचं टार्गेट असतं. आमच्या एका सभासदाचा मुलगा याच धंद्यात आहे, पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती हे मला त्याच्या कर्जाच्या फाइलवरून माहीत आहे. राग आहे तो ज्याने वडीलमाणसाचा मुहूर्त हत्यार म्हणून वापरायला शिकवलं, त्याच्यावर.

माझी मावसबहीण टेक्सासमध्ये असते. तिने 2022 मध्ये टोयोटाची सिएना घेतली तेव्हा तिच्याकडून छापील किमतीवर सरळ पाच हजार डॉलर जास्त घेतले होते. तिकडे 1958 च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची सुचवलेली किंमत लावावी लागते, पण ती सुचवलेलीच. शेजारी डीलर आपला दुसरा कागद चिकटवतो आणि त्यावर ‘मार्केट ॲडजस्टमेंट’ म्हणून रक्कम लिहितो. ऐकून मला धक्का बसला होता. आता वाटतं, निदान तिला कळलं तरी की हे पैसे कशाचे आहेत. आपल्याकडे एक्स-शोरूमचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावर उघड चढवता येत नाही. म्हणून तीच वाढ सीट कव्हर, पॉलिसी आणि हँडलिंग होऊन येते. आमच्या कोटेशनमध्ये किट, वॉरंटी, हँडलिंग आणि विम्यातला फरक मिळून 1,00,800 रुपये होते. आणि हे कर्जात घातले की काय होतं ते मी रोज बघते. दहा टक्क्यांनी सात वर्षांना एक लाखाचा हप्ता 1,660 बसतो, परतफेड 1,39,000 च्या वर जाते. सीट कव्हर तोवर फाटून जातं.

घरी येऊन मी शोरूमच्या मॅनेजरला ईमेल केला, कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत लावली. भांडणाची भाषा नाही वापरली. तीनच प्रश्न विचारले. किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, ही अट कंपनीची आहे की तुमची? हँडलिंगची पावती कोणत्या सेवेच्या नावाने मिळेल? आमचा बुकिंग क्रमांक कितवा आणि आमच्या मागच्या किती जणांना गाड्या दिल्या? आणि खाली लिहिलं की एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायला लावणं हा ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये प्रतिबंधात्मक व्यापार व्यवहार आहे, उत्तर न आल्यास ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरचा फोन आला. हँडलिंग गेलं. वॉरंटी ऐच्छिक निघाली. विमा बाहेरून चालेल. किट 6,200 वर आलं, फक्त मॅट आणि मडफ्लॅप. बोलणं अतिशय गोड. शेवटी म्हणाले, “डिलिव्हरीचं मात्र बघावं लागेल मॅडम, ती गाडी दुसऱ्या कस्टमरला गेली.”

दसरा गेला. दिवाळीचा पाडवाही गेला. अण्णांनी फुलवाल्याला सांगितलेला हार दसऱ्याला आमच्या जुन्या स्कूटरला घातला. माझ्याशी ते दोन दिवस मोजकंच बोलत होते. मला तेव्हा वाटून गेलं की एक लाख वाचवून मी काय मिळवलं. आईने मात्र जेवायला वाढता वाढता एवढंच विचारलं, “एक लाख म्हणजे तुमचा शाळेतला किती महिन्यांचा पगार होता हो, लागलात तेव्हा?” अण्णा हिशेब करत बसले. लागले तेव्हाच्या पगाराने पाच वर्षांहून जास्त निघाले.

गाडी 19 नोव्हेंबरला आली, मंगळवारी. डिलिव्हरीच्या वेळी त्यांनी डॅशबोर्डवर तीच मूर्ती ठेवली होती, ‘आमच्याकडून भेट’ म्हणून. अण्णांनी हात जोडले, मूर्ती उचलून आईकडे दिली आणि घरून रुमालात बांधून आणलेला खंडोबाचा टाक डॅशबोर्डवर ठेवून भंडारा वाहिला.

फलक अजून नाक्यावर आहे. जाहिरातींबद्दलच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की दाव्याचा खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठीत ‘फक्त’ म्हणायचं आणि इंग्रजीत हात वर करायचे, हे चालत नाही. मी फोटोसकट तक्रार केली आहे. परवा कोरेगावकडचे एक सभासद त्याच गाडीचं कोटेशन घेऊन आले, किट 48,000. मी पेन्सिलने त्या ओळीखाली रेघ मारली आणि टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवला.