काउबॉय गाणी: हिवाळ्यापर्यंतची प्रगती

मंडळी, बरेच जण विचारत होते, ते अमेरिकन गुराख्यांच्या गाण्या-कवितांचं खूळ अजून टिकलंय का. टिकलंय. उलट पावसाळ्यापासून गिटारवर दुसरं काही वाजलेलं नाही.

आधी ‘द ओल्ड चिझम ट्रेल’. बसलं एकदाचं. जी आणि डी सेव्हन, दोन कॉर्डमध्ये काम भागतं. अंगठ्याने वरची जाड तार, मग बोटांनी खालच्या तारा एकदम, ‘ढुम्-चक्, ढुम्-चक्’, बस्स. कडवी किती, याला काही धरबंध नाही. १८६७ मध्ये कॅन्सासच्या ॲबिलीनला रेल्वेवर गुरं चढवायची सोय झाली आणि टेक्सासची गुरं तिथवर चालवत न्यायला सुरुवात झाली. त्या वाटेवर, म्हणजे चिझम ट्रेलवर, ज्याला जे सुचेल ते तो जोडत गेला. सगळी पाठ करायच्या नादाला लागू नका. आठ-दहा निवडा, त्यातली दोन-तीन चावट असू द्या.

मनात खरं घर केलंय ते रात्रपाळीच्या गाण्यांनी. कळप बसला की दोन स्वार त्याच्याभोवती उलटसुलट दिशेने फेऱ्या घालायचे आणि गुणगुणत राहायचे. गाण्याचा उपयोग साधा: माणूस कुठे आहे हे गुरांना अंधारातही कळत राहावं, कशाने दचकून कळप उधळू नये. म्हणजे इथे श्रोत्याला झोप लागली तर ती दाद! हॅरी स्टीफन्सचं म्हणून ओळखलं जाणारं ‘नाइट हर्डिंग साँग’ मी घेतलंय. तीन मात्रांचं, घोड्याच्या चालीवर. सुरुवातीला मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) नव्वदला लावला तर गाणं थेट वरातीत शिरलं. आता सत्तरच्या खाली आणलंय, आणि गिटार बाजूला ठेवली आहे. एका हातात लगाम असताना गिटार कोण वाजवणार? सूर धरायला तानपुऱ्याचं ॲप लावतो. शुद्धतावाद्यांनी कान झाकावेत. आवाज फेकायचा नाही, शेवटचा शब्द ओढायचा आणि पुढचा श्वास निवांत घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण मला तरी आजवरचं सगळ्यात अवघड गेलेलं गाणं हेच.

या गाण्यांत काम आधी आणि गाणं नंतर, असं माझं मत होत चाललंय. सिनेमातले चकाचक शर्टवाले गाणारे काउबॉय मला आवडतात, ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’च्या तीन आवाजांवर तर जीव आहे. पण मोंटानाच्या डी. जे. ओमॅलीची १८९३ मधली कविता घ्या. शरदातलं काम आटोपलं की आईला भेटायला जाईन म्हणणारा पोरगा त्याच रात्री उधळलेल्या कळपापुढे घोडा घालतो, घोडा अडखळतो, आणि संपलं. कवी स्वतः गुरांमागे फिरलेला, म्हणून मरण सांगताना आवाज चढवत नाही. कार्ल स्प्रेगने १९२५ मध्ये ही ध्वनिमुद्रित केली तीही तितक्याच कोरड्या गळ्याने. मी रडवेला सूर लावून पाहिला, सगळा तमाशा झाला. सपाट म्हटलं की अंगावर येतं.

कवितांकडे वळतो. १९८५ च्या जानेवारीत नेवाडातल्या एल्को गावी हॅल कॅनन आणि इतर लोकसाहित्य अभ्यासकांनी रँचवरच्या कवींना एकत्र बोलावलं. जानेवारी अशासाठी, की तेव्हा रँचवर त्यातल्या त्यात कामं कमी. तो मेळावा आजही भरतो आणि तिथली रीत म्हणजे कागद न धरता म्हणणं. आपल्याला पाठांतर काही नवीन नाही, पण खोड एकच: शाळेतल्या कवितेसारखा ओळीओळीला हेल निघतो. यमक इतकं ठसठशीत की जीभ आपोआप तिथे आदळते. उपाय सापडलाय. कविता आधी गद्यासारखी, कुणाला तरी किस्सा सांगतोय अशी म्हणायची. यमकाजवळ नाही, अर्थ पुरा होईल तिथे श्वास घ्यायचा. वॅडी मिचेल या काउबॉय कवीला ऐका, हे लगेच पकडता येतं. सध्या ब्रूस किसकॅडन चालू आहे. जवानीत गुरांमागे राबलेला हा माणूस पुढे लॉस एंजेलिसच्या हॉटेलात सामान उचलायचा आणि गुरांच्या बाजाराच्या कॅलेंडरसाठी दरमहा कविता लिहायचा.

आमच्या कट्ट्यावर मात्र बाजी मारली वॉलेस मॅकरेच्या पुनर्जन्मावरच्या कवितेने. मेलेल्या माणसाच्या थडग्यावर गवत उगवतं, त्यात एक फूल येतं, ते घोडा खातो, पुढे जे व्हायचं ते होतं, आणि मित्र त्या शेणाकडे बघून म्हणतो, तू काही फारसा बदलला नाहीस. मॅकरे मोंटानाचा रँचवाला. चौऱ्यांशी लक्ष योनी ऐकत वाढलेल्या मंडळींसमोर हे म्हणायचं म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं. शेवटच्या ओळीआधी थांबा, घाई केलीत तर हशा गेला.

यॉडेलिंग रखडलंय. किशोरकुमारमुळे ते आपल्याला परकं नाही, पण गळ्याला परकं आहे. लहानपणी गाण्याच्या बाईंनी खालच्या आणि वरच्या आवाजातला सांधा झाकायला शिकवला. इथे नेमका तोच सांधा कडकन मोडून दाखवायचा असतो. मोंटानाच्या वायली गुस्ताफसनकडून (याहूच्या जाहिरातीतली ती आरोळी त्याचीच) हे हळूहळू उचलतोय. शेजाऱ्यांचा विचार करून दुपारीच.

२०२२ या एका वर्षात कवी बॅक्स्टर ब्लॅक आणि गायक डॉन एडवर्ड्स व इयन टायसन गेले. एडवर्ड्सचं मला विशेष लागलं, जुनं गाणं धूळ न उडवता कसं उचलावं ते त्याच्याकडून शिकत होतो. आता कान अँडी हेजेसकडे, तो गातोही आणि कविताही म्हणतो. आणि डॉम फ्लेमन्सकडे. त्याचा २०१८ चा ‘ब्लॅक काउबॉइज’ हा अल्बम ऐकलात की सिनेमाने पुसलेले कितीतरी गुराखी परत दिसायला लागतात.

पुढचं काम ‘द स्ट्रॉबेरी रोन’. मुळात कर्ली फ्लेचरची कविता, माजोरड्या घोड्याने घमेंडखोर स्वाराला लोळवल्याची. खोगीर, तंग, रिकीब यांची नेमकी जागा कळल्याशिवाय ते गायचं नाही असं ठरवलंय, म्हणून एका घोडेवाल्याला गाठून खोगीर चढवताना बघायला जाणार आहे. कुणी हे सी मध्ये गात असाल तर कॅपो (गिटारच्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) कुठे लावता ते कळवा, माझा आवाज वरच्या ओळीला चिरकतोय.