मुख्य संघाच्या एक पायरी खाली

मेलबर्नच्या एमसीजीवर फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मोठ्या सामन्याला ऐंशी-नव्वद हजार माणसं जमतात, हे तुम्ही ऐकून असाल. आज मला लिहायचंय ते त्याच शनिवार-रविवारी उपनगरातल्या लहान मैदानांवर होणाऱ्या राखीव संघांच्या सामन्यांबद्दल. तिथे कुंपणाला रेलून उभे राहिलेले आजोबा असतात, कुत्र्याला फिरवायला म्हणून आलेली आणि सामना संपेपर्यंत थांबलेली जोडपी असतात, टोमॅटो सॉस घातलेला 'मीट पाय' (खिमा भरलेला पॅटिस) खात हिंडणारी पोरं असतात. आणि मैदानात असतात एकोणीस-वीस वर्षांचे खेळाडू. पुढच्या एक-दोन वर्षांत एकतर ते एमसीजीवर दिसतील, नाहीतर दुसरी नोकरी शोधत असतील.

मी मूळची सांगलीची, फिजिओथेरपिस्ट. पश्चिम मेलबर्नमधल्या एका दवाखान्यात काम करते आणि हंगामात सुट्टीच्या दिवशी अशाच एका राखीव संघाच्या ट्रेनर मंडळींत असते. घोट्यांना टेप बांधायची, पाणी पोचवायचं, कुणी पडला की धावत जायचं, हे आमचं काम. शिकवणारे प्रशिक्षक वेगळे. पण टेप बांधताना माणूस समोर दहा मिनिटं बसलेला असतो, आणि बेंचवर उभं राहिलं की सगळं कानावर पडतं. त्यामुळे तरुण खेळाडू घडतो कसा, हे मला बऱ्यापैकी जवळून बघायला मिळतं.

खेळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल, पण दीडशे मीटरच्या आगेमागे लांब. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू फेकायचा नाही, लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा. हातात घेऊन पळायचं असेल तर दर 15 मीटरला तो जमिनीला टेकवावा किंवा आपटावा लागतो. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारला की 6 गुण, बाजूच्या खांबांतून गेला की 1. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर, पण खेळ थांबला की घड्याळही थांबतं, म्हणून प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासापर्यंत लांबतो. मिडफिल्डमधला खेळाडू एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळतो, तेही धक्के आणि टॅकल खात.

एएफएल ही सर्वांत वरची स्पर्धा, सध्या 18 क्लब. मुलं अठराव्या वर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब आळीपाळीने एकेक नाव उचलतात त्या निवडीतून, तिथे जातात. कोणत्या क्लबने घ्यायचं हे मुलाच्या हातात नसतं. पर्थचा मुलगा ब्रिस्बेनला जातो, मेलबर्नचा ॲडलेडला. क्लबकडे चाळीसहून अधिक खेळाडू करारबद्ध असतात आणि सामन्याला उतरतात 23. उरलेले त्या आठवड्यात राखीव संघातून खेळतात. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन या पूर्वेकडच्या क्लबांचे राखीव खेळाडू व्हीएफएलमध्ये (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, एएफएलच्या एक पायरी खालची), ॲडलेडच्या दोन क्लबांचे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये, पर्थच्या दोघांचे पश्चिमेच्या. काहींचा स्वतःचा राखीव संघ आहे, काहींनी जुन्या क्लबाशी हातमिळवणी केली आहे. हॉथॉर्नची पोरं बॉक्स हिलकडून खेळतात, मेलबर्नची केसीकडून. पूर्वी, म्हणजे 1919 पासून 1999 पर्यंत, राखीव संघांची वेगळी स्पर्धाच होती आणि ते सामने मुख्य सामन्याआधी त्याच मैदानावर व्हायचे. लोक सकाळी डबा घेऊन यायचे आणि दोन्ही बघायचे. ती स्पर्धा बंद झाली आणि 2000 पासून हे खेळाडू व्हीएफएलमध्ये मिसळले.

हे मिसळणं फार चांगलं झालं असं माझं ठाम मत आहे, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये दोन प्रकारचे खेळाडू असतात. एक, एएफएलच्या करारावरचे. त्यांचं जेवण, झोप, वजन, सरावातलं एकूण धावणं, सगळं मोजलेलं. पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध जीपीएसचा छोटा डबा. दुसरे, फक्त व्हीएफएलचे. हे दिवसा नोकरी करतात. कुणी प्लंबर, कुणी शाळेत शिक्षक, कुणी सुतार. संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. व्हीएफएलमध्ये 2021 पासून सिडनी आणि क्वीन्सलंडचे संघही आल्यामुळे अधूनमधून विमानाने जाऊन खेळून यायचं आणि सोमवारी सकाळी सात वाजता कामावर हजर व्हायचं. त्यातल्या बऱ्याच जणांचं वय एएफएलच्या दृष्टीने उलटून गेलंय, हे त्यांनाही माहीत असतं.

आणि तरुण मुलांना खरं शिकवतात ती हीच माणसं.

गेल्या हंगामातला एक दिवस सांगते. आमच्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, हाफ-बॅकला, म्हणजे बचावफळीत खेळणारा, अतिशय वेगवान. गुरुवारी संघ जाहीर झाला आणि मुख्य संघातून त्याचं नाव गेलं. शनिवारी तो माझ्यासमोर टेबलवर बसला तेव्हा एक शब्द बोलत नव्हता. मी त्याचा घोटा काटकोनात धरला, आतून बाहेर टाच उचलत टेपचे दोन फेरे दिले. शेजारच्या टेबलवर आमचा एकतिसाव्या वर्षाचा बचावपटू, व्यवसायाने प्लंबर, स्वतःच्या अंगठ्याला स्वतःच टेप लावत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "तुला काय सुधारायला सांगितलंय?" मुलगा म्हणाला, "चेंडू आपल्याकडे नसताना मी कुठे उभा राहतो, ते." "मग आज चेंडूकडे बघू नकोस, माझा आवाज ऐक."

पहिला पूर्ण क्वार्टर मी तो आवाज ऐकत होते. "मागे ये. अजून. आता थांब. तुझ्या डावीकडे एक मोकळा आहे." मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येईल असा आवाज. मुलाला एरवी चेंडू दिसला की झेप घ्यायची सवय, आणि त्याच्या वेगामुळे शाळेच्या वयात ते खपूनही जायचं. इथे त्याने झेप घेतली की मागे मोकळी राहिलेली जागा प्रतिस्पर्ध्याला गोल देऊन जाते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तो दोनदा जागेवर थांबला, आणि दोन्ही वेळा चेंडू त्याच्याच छातीवर आला. त्याच्या नावापुढचे आकडे त्या दिवशी किरकोळ होते. पण बेंचवरच्या प्रशिक्षकाने टॅबवर त्याला जे दाखवलं त्यात एकही किक नव्हती. होते ते फक्त तो उभा राहिलेल्या जागांचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला प्रशिक्षक म्हणत होते, "हे हवंय आम्हाला."

राखीव संघाच्या प्रशिक्षकाचं काम मला सर्वांत अवघड वाटतं. त्याला सामना जिंकायचा असतो, कारण व्हीएफएलचा स्वतःचा चषक आहे आणि त्या प्लंबरला तो जीव तोडून हवा असतो. पण मुख्य संघाकडून निरोप येतो, की अमक्याला आज मिडफिल्डला टाका, तमक्याला साठ टक्के वेळच खेळवा, नुकताच मांडीच्या दुखापतीतून उठलाय. मग चौथ्या क्वार्टरमध्ये दोन गुणांची आघाडी असताना सर्वांत चांगला धावणारा बेंचवर बसवायचा. फिजिओ म्हणून मी या निर्बंधांच्या शंभर टक्के बाजूची आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या शरीराची हाडं आणि स्नायूबंध एवढ्या भाराला तयार नसतात. जांघेची दुखणी, कमरेच्या मणक्याला किंवा पायाच्या हाडाला ताणाने जाणारे बारीक तडे, हे सगळं घाई केलेल्या मुलांत दिसतं, आणि अशा एका तड्यात अख्खं वर्ष जातं.

सर्वांत जास्त थांबावं लागतं ते उंच खेळाडूंना. उंचीने वाढलेला मुलगा रुंदीने भरायला चार-पाच वर्षं घेतो. मेलबर्न क्लबचा मॅक्स गॉन बघा. 2009 च्या ड्राफ्टमध्ये आला, 34 व्या क्रमांकावर. दोनशे सेंटिमीटरहून बराच उंच, गुडघ्याच्या दुखापती पाठीशी. वरच्या संघात पक्कं होईपर्यंत तो केसीकडून खेळत राहिला. ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पहिल्यांदा आला तो 2016 मध्ये. 2021 मध्ये मेलबर्नने 1964 नंतरचं पहिलं विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार तोच होता. तिसऱ्या वर्षी क्लबने त्याला सोडून दिलं असतं तर?

उशिरा येणाऱ्यांसाठीही आता दार आहे. 2019 पासून हंगामाच्या मध्यावर पुन्हा एक ड्राफ्ट होतो आणि त्यात क्लब व्हीएफएलसारख्या लीगमधल्या मोठ्या वयाच्या खेळाडूंनाही उचलतात. पहिल्याच वर्षी रिचमंडने पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या साउथ फ्रीमँटल क्लबमधून मार्लियन पिकेटला घेतलं. तरुणपणी तुरुंगवास भोगलेला, चार मुलांचा बाप, वय 27. रिचमंडने त्याला राखीव संघात खेळवलं. त्या संघाने व्हीएफएलचा अंतिम सामना जिंकला आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू पिकेट ठरला. पुढच्याच शनिवारी एएफएलच्या अंतिम सामन्यात त्याला पदार्पण मिळालं. 1952 नंतर असं कुणाच्याही वाट्याला आलं नव्हतं. रिचमंड 89 गुणांनी जिंकलं. त्याने पहिला गोल मारला तेव्हा सगळा संघ त्याच्याकडे धावत आला होता. मी ते चित्रण आजही बघते आणि डोळे भरतात.

पण बहुतेकांच्या बाबतीत असं होत नाही. ड्राफ्टमधून आलेल्याला सुरुवातीला किमान दोन वर्षांचा करार असतो आणि हंगाम संपला की क्लब नावं कमी करतात. विसाव्या-एकविसाव्या वर्षी, घरापासून हजारो किलोमीटरवर, ज्यासाठी शाळेपासून सगळं केलं ते संपतं. म्हणून आपल्या संघातले नोकरी करणारे खेळाडू या मुलांनी जवळून बघणं मला फार मोलाचं वाटतं. करार गेला तरी खेळ राहतो, आणि खेळाशिवायही माणसाचं आयुष्य नीट चालतं, हे त्यांना रोज शेजारच्या टेबलवर दिसत असतं. आमच्याकडचे काही जण त्यांचंच बघून संध्याकाळी सुतारकामाचा किंवा बांधकामाचा अभ्यासक्रम करायला लागलेत.

माझ्या आसपास, टार्नीट, ट्रुगनीना, पॉइंट कुक या भागांत भारतीय कुटुंबं भरपूर आहेत आणि त्यात मराठी घरंही बरीच. त्यांची मुलं शाळेत फुटी खेळतात, ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटी वर्गाला, जातात. आया मला विचारतात, "यात आपल्या मुलांचं काही होतं का गं?" मी त्यांना डॅनिअल कर्रचं नाव सांगते. वेस्ट कोस्टकडून 2006 चं विजेतेपद जिंकलेला मिडफिल्डर. त्याच्या वडिलांचा जन्म कोलकात्यातला. सॉकरमधली सॅम कर्र त्याचीच बहीण. आणि मग सांगते, मुलाला एमसीजीवर नेण्याआधी एखाद्या राखीव संघाच्या सामन्याला घेऊन जा. वेरिबीचं मैदान तर घराजवळ आहे, आणि त्या क्लबाला वरचा कुठलाही मोठा क्लब नसताना 2024 मध्ये व्हीएफएलचं विजेतेपद मिळालंय.

एमसीजीवर न मिळणारी एक गोष्ट इथे मिळते. तिसरा क्वार्टर संपला की प्रेक्षकांना मैदानात जाता येतं. खेळाडूंच्या रिंगणाला लागून उभं राहायचं आणि प्रशिक्षक काय सांगतायत ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं. दहा वर्षांच्या पोराला तिथे कळतं की मोठे खेळाडूसुद्धा दमतात, रागावतात, आणि तरी शांतपणे ऐकून घेतात. हंगाम मार्चच्या शेवटी सुरू होतो, सप्टेंबरपर्यंत चालतो. तुमच्यापैकी कुणी जून-जुलैत मुलांकडे इकडे येणार असाल तर मला कळवा, मैदान आणि वेळ मी सांगेन. फक्त स्वेटर आणि कानटोपी आणा, पश्चिमेकडच्या मैदानांवर वारा बोचरा असतो.