गेट गंजलंय म्हणे!

"तुमच्या पावडरला महिना झाला नाही तोच गंज चढला. येऊन बघा जरा!" नाशिकच्या गंगापूर रोडच्या एका बंगल्यातून सकाळी सकाळी फोन. आमचं अंबडला पावडर कोटिंगचं शॉप आहे, म्हणजे लोखंडावर रंगाची पूड मारून ती भट्टीत पक्की करायची. ते गेट आमच्याच भट्टीतून गेलेलं, मॅट काळं. वास्तुशांत तोंडावर आलेली, काकांचा आवाज चढलेला. आमचे सगळ्यात जुने कारागीर मामा, त्यांना गाडीवर मागे बसवलं आणि निघालो.

ठिपके होते, नाही म्हणायला जागाच नव्हती. तपकिरी, मोहरी शिंपडल्यासारखे. पण आतून गंज येतो तो आधी कडा आणि सांधे धरतो, कोटिंगला फोड आणतो. हे सगळे सपाट पत्र्याच्या मधोमध. मान वर केली तर खांबावर कॅमेऱ्याचा नवा ब्रॅकेट, वेल्डिंगचा निळसर डाग अजून तसाच. म्हणजे गेट बसल्यावर वर वेल्डिंग झालं, ग्राइंडर फिरला आणि खाली एक गोणपाटही कुणी टाकलं नाही.

लोखंडकाम करणारे फॅब्रिकेटर तिथेच होते. त्यांचा पोऱ्या एका हातात थिनरचं फडकं नि दुसऱ्या हातात वायर ब्रश घेऊन सफाईला लागलेला! मामा ओरडलेच, "ठेव रे बाबा ते खाली!" तोवर वीतभर पट्टा चकचकीत झाला होता. मॅट घासलं की चमकतं आणि चमकलेलं परत मॅट होत नाही. त्यात थिनरनं पावडर मऊ पडते, मग ब्रशचे ओरखडे आणखी खोल जातात.

नखानं चाचपत गेलो. बहुतेक ठिकाणी नुसती खरखर, म्हणजे ग्राइंडरची धूळ. लोखंडाचे गरम कण कोटिंगवर चिकटले आणि दवानं गंजले. खालचं कोटिंग शाबूत. मधूनमधून गोल दाणे लागत होते, ते वेल्डिंगचे छर्रे. वितळलेलं पोलाद दीड हजार अंशांच्या घरातलं. आमची पावडर साधारण 180 ते 200 अंशांवर क्युअर होते, म्हणजे भाजून पक्की होते, आणि थर असतो जेमतेम 60 ते 80 मायक्रॉन. बारीक छर्रा खाली येईस्तोवर बराच निवतो, वरच्यावर बसतो. मोठा मात्र कोटिंग जाळून थेट पत्र्याला भिडतो.

आधी भरपूर पाणी मारून सुटी धूळ घालवली. मग गाड्या चकाचक करणारे कार डिटेलिंगवाले वापरतात ती क्ले, म्हणजे मळता येणारी मऊ वडी, साबणाच्या पाण्यावरून हलक्या हातानं. दाब द्यायचा नाही, आणि सारखी मळून नवी बाजू काढायची. नाहीतर रुतलेले कणच ओरखडे काढतात. मामांनी क्लेची वडी उलटी करून काकांपुढे धरली. तपकिरी कणांनी भरलेली. "काका, हा गेटचा गंज नाही, वरून पडलेल्या लोखंडाचा आहे." काकांनी बोट फिरवून पाहिलं, खालचं काळं गुळगुळीत लागलं, तेव्हा कुठे चहा आला.

छर्‍यांना बांबूची कामटी. ती चपटी टेकवायची आणि बाजूनं रेटा द्यायचा. वरच बसलेला दाणा टुचकन उडतो. वरून ठोकलं तर सोबत कोटिंगचा टवका जातो. जे हलले नाहीत ते पत्र्यात रुतलेले. तेवढे बारीक कानशीनं उतरवले, ठिपक्यापुरता 400 नंबरचा कागद मारला, झिंक प्रायमर लावला, तो सुकल्यावर जुळता पीयू (पॉलियुरेथेन) रंग बारीक ब्रशनं. साइटवर पावडरचा टचअप होत नाही, भट्टी कुठून आणणार? जवळून बघितलं तर हे ठिपके दिसतात, हे काकांना आधीच सांगून ठेवलं.

एवढ्यात गच्चीवरून पोऱ्याची हाक, "शेठ, इथं अ‍ॅसिड मारू का?" तिथली रेलिंग जीआयची, म्हणजे झिंकचा थर दिलेल्या लोखंडाची, बिनरंगाची, तिच्यावरही तसेच ठिपके. फरशी धुवायचं अ‍ॅसिड गंजासोबत झिंकही खातं. बुडबुडे येतात ते झिंक जातानाचेच. धावत वर जाऊन बाटली काढून घेतली. तिथेही कामटी, साबणपाणी आणि नायलॉनचा ब्रश यांवरच काम भागलं.

चकचकीत पट्ट्याला मात्र इलाज नव्हता. वास्तुशांत झाली की तो पल्ला उतरवून शॉपला आणायचा, जुनं कोटिंग काढून पुन्हा पावडर मारायची असं ठरलं. पैसे फॅब्रिकेटरनी द्यायचे कबूल केलं. काकांनी ते तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं, खाली सहीसुद्धा.