नाही म्हणायचं नाही

जपानच्या शिकोकू बेटावर पांढरा अंगरखा घालून मंदिरांची यात्रा चालणाऱ्याला वाटेत कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नाही. घ्यायचं, हात जोडायचे, आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि पुढे व्हायचं. या देण्याला ओसेत्ताई म्हणतात. पहिल्या मंदिराच्या दुकानात काठी आणि टोपी घेताना तिथल्या बाईंनी हे दोनदा बजावलं. मनात म्हटलं, बाई, आळंदी-पंढरपूर चाललेलीला हे शिकवू नका. दिंडीत पत्रावळ पुढे आली की आपण बसतो, केळं हातात पडलं की खातो, देणाऱ्याचं तोंडही बघत नाही.

पण तिथं आपण हजारांतले एक असतो. इथं मी एकटी, आणि माणूस खास माझ्यासाठी सायकलवरून उतरून पाचशे येनचं नाणं हातावर ठेवायचा. अंग चोरल्यासारखं व्हायचं. त्यात फळं. तोकुशिमा प्रांतात संत्री, पुढच्या कोची प्रांताची हद्द लागली की बुंतान. म्हणजे आपलं पपनसच. मार्च हा त्याचा हंगाम, त्यामुळे ज्याच्या अंगणात झाड तो हातात एक टेकवणार. पाठीवर दोन-दोन पपनसं घेऊन घाट चढताना दात्याबद्दल जे विचार मनात येत, ते कोबो दाईशींनी, म्हणजे ही यात्रा ज्यांच्या नावाची त्या बौद्ध संतांनी, ऐकले नसतील तर बरं.

अठ्ठ्याऐंशी मंदिरं, साधारण बाराशे किलोमीटर. मी सगळी केली नाहीत, रजा तेवढी नव्हती. तुकड्यातुकड्यानं करणारे तिथलेही पुष्कळ असतात. अकराव्या मंदिराहून बाराव्या शोसानजीला जाणारी चढण अशी आहे की दिवेघाट सपाट वाटावा. तिथं मी ‘ज्ञानोबा माऊली तुकाराम’च्या ठेक्यावर काठी टेकवत गेले. काठी म्हणजे दाईशी स्वतः सोबत चालतात, अशी श्रद्धा. मुक्कामाला पोचलं की आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय.

बाकी दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. मेणबत्ती, उदबत्ती, आधी मुख्य मंदिर, मग दाईशींचं. वहीत मंदिराचा शिक्का मिळतो ती खिडकी पाचला बंद. धापा टाकत साडेचारला पोचावं तर पुढे बसच्या यात्रेचा माणूस, हातात पन्नास जणांच्या वह्या. एका शिक्क्याला पाचशे येन, सोबत ब्रशलेखन. मी घाम पुसत उभी, आणि बसवाले आईस्क्रीम खातायत! राग राग झाला. मग त्याच घोळक्यानं हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र म्हणायला घेतलं. ‘ग्याते ग्याते, हारा ग्याते’ आलं आणि मी मागे उभी राहून ‘गते गते पारगते’ म्हणत त्यांच्यात मिसळून गेले. डोळे का भरले कुणास ठाऊक. वह्यांचा ढीग मात्र तेवढाच होता.

खाण्याचं वेगळंच. माझ्या गळ्यात माळ. जपानात भाजीच्या वाटीतही कात्सुओची, म्हणजे वाळवलेल्या माशाची, दाशी म्हणजे उकळून काढलेलं पाणी असतं. मिन्शुकूच्या, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या, जेवणात पाच-सहा वाट्या यायच्या. त्यातून मी भात, लोणचं आणि वरचा मासळीचा कीस खरवडून टाकलेलं तोफू खायची. तो कीस गरम पदार्थावर वळवळतो, ते बघवत नसे. दुपारी दुकानातली उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे आत खारवलेला प्लम घातलेला भाताचा गोळा. तो खारट-आंबट लालभडक प्लम दाढेखाली आला की चालायला जोर येई.

तेविसाव्या मंदिराहून चोविसावं पंचाहत्तर किलोमीटर. मध्ये दुसरं मंदिर नाही. डावीकडे पॅसिफिक, उजवीकडे डोंगर, मध्ये पंचावन्न नंबरचा हमरस्ता, आणि खांबाखांबावर इथून समुद्रसपाटी किती मीटर खाली, त्सुनामी आली तर कुठं पळायचं, याच्या पाट्या. टाचांना फोड आले होतेच, त्या दुपारी उजवी करंगळी फुटली. त्यात पूल. डोंगरातून येणारा प्रत्येक ओढा त्या रस्त्याखालून समुद्रात जातो, आणि पुलावर काठी टेकवायची नसते, कारण खाली दाईशी निजलेले असतील. जिथं आधार हवा तिथंच काठी उचलून लंगडायचं. चौथ्या की पाचव्या पुलावर मी दाईशींना मोठ्यानं मराठीत म्हटलं, जरा कड बदलून झोपा.

समुद्राच्या बांधावर बसून सुई-दोरा काढला. एक पांढरा बारका ट्रक थांबला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली सत्तरीपुढची आजी. चल, बस. मी हातांची फुली करून दाखवली. चालायचं ठरवलेलं, गाडी नको. तिनं सुईकडे पाहिलं, च्‌क्‌ केलं आणि गेली. मला सुटल्यासारखं वाटलं, मग लाज वाटली, मग उगाच तिचाच राग आला.

पंधरा-वीस मिनिटांनी ट्रक परत. निळं घमेलं, थर्मास, टॉवेल. काही न विचारता कढत पाण्यात गार ओतलं, कोपर बुडवून पाहिलं आणि माझे पाय आत घातले. मी मागे घेतले तर नडगीवर चापटी. वारीत पाय दाबून घेतलेत मी, पण तिथं रांग असते. इथं एकच बाई गुडघे टेकून बसलेली, आणि तिचे गुडघे वाजत होते. पाय पुसून तिनं फोडांना पट्ट्या लावल्या आणि खिशातून पाच बोटांचे मोजे काढले. पुरुषी, तपकिरी, दोरीवरून नुकतेच काढलेले, टाचेशी अजून ओले. एकेक बोट आपल्या घरात बसवलं. करंगळी जाईना तेव्हा जीभ दातांत धरून ती बसवली.

मग चांदीच्या कागदातल्या दोन ओनिगिरी. त्या उमेबोशीच्याच निघाल्या, जीव भांड्यात पडला. आणि थर्मासच्या दुसऱ्या झाकणात मिसो सूप. वास आला. मासळीच. ती समोर उकिडवी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. माळेला हात लावला आणि प्यायले. सगळं. चव चांगली लागली, तेच जास्त खुपलं.

चिठ्ठी दिली तर तिनं ती कपाळाला लावून ट्रकच्या काचेवरच्या झडपेत खोचली. तिथं आधीच गड्डी होती. मी वाकून तिच्या बुटांना हात लावला तशी ती ओरडून मागे सरली आणि हसत सुटली. मग तिनंच मला हात जोडले.

मुरोतोचं टोक, दाईशींची गुहा, चोविसावं मंदिर हे सगळं झालं, फोटो आहेत. त्या रात्रीच्या मुक्कामात पुन्हा सूप आलं. मी वाटी बाजूला सारली. आजीचं प्यायले म्हणजे आता सगळ्यांचंच प्यायचं, असं काही ठरलं नव्हतं. मालकीणबाई हिरमुसल्या. मी भात मात्र दोनदा मागून घेतला.