नावांचे अध्याय

१५ एप्रिल, रात्री

आज वाचनात पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, 'पहिला इतिहास' हे पुस्तक लागलं. आदाम, शेथ, अनोश... आणि तिथून पुढे नऊ अध्याय बहुतेक नुसती नावंच. मी पहिल्या तीन नावांपुढे गेलेच नाही. आजीचा आवाज कानात सुरू झाला आणि वाचन राहून गेलं.

नेम तिचाच. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. पवित्र शास्त्राचे एकूण अध्याय १,१८९. आठवड्याला २३ धरले तर ५२ आठवड्यांत सगळं संपतं, वर सात अध्यायांची सवड. तापात दोन दिवस बुडाले की तिसऱ्या दिवशी उधारी फेडल्यासारखी भरून काढायची. वाचायची मोठ्याने, आम्हा सगळ्यांना बसवून. स्तोत्र ११९ आलं की आम्ही मुलं हळूच सटकायचो, कारण त्यात १७६ वचनं. ११७ मात्र लाडकं. दोनच वचनं!

नावांचे अध्याय ती कधी गाळायची नाही. जीभ अडखळली की मागे येऊन ते नाव पुन्हा घ्यायची. "हे कोण गं?" विचारलं तर म्हणायची, "मला काय ठाऊक? कुणाचा तरी मुलगा असेल ना?" चौथ्या अध्यायात, या सगळ्या गर्दीत, याबेसची दोन वचनं येतात. त्याने प्रार्थना केली आणि देवाने ऐकली, एवढीच गोष्ट. तिथे ती चष्म्यावरून आमच्याकडे बघायची. गाळणाऱ्यांना हा भेटत नाही, असं काहीसं त्या बघण्यात असायचं.

तिच्या अंत्यविधीला पाळकांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं वचन घेतलं. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे तीमथ्याची आजी लोईस हिचा विश्वास आठवतो. छान बोलले. पण लोईसबद्दल त्या एका वचनापलीकडे काही कळत नाही. माझ्या आजीचं तसं होऊ नये, म्हणून हे लिहून ठेवतेय.

थोरल्या काकाने उपासनेला जाणं सोडलं, तेव्हा तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. चार वर्षं! "त्याला सांग, दार लावून घे," असे निरोप माझ्या तोंडी, आणि तो समोरच बसलेला. रात्रीच्या प्रार्थनेत मात्र पहिलं नाव त्याचंच. मला संताप यायचा. अजूनही येतो. एकदा म्हटलं, देवाशी एवढं बोलतेस त्याच्याबद्दल, त्याच्याशीच बोल की. तर म्हणाली, "देवाशी बोलताना माझा आवाज चढत नाही."

तिच्या प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव यायचं, ठरलेल्या क्रमाने. माझं अकरावं. माणूस गेलं की नाव निघायचं. मेलेल्यांसाठी प्रार्थना आमच्या मंडळीत करत नाहीत, आणि ती या बाबतीत फार कडक. आजोबांना पुरून आलो त्याच रात्री त्यांच्या जागी ती श्वासभर थांबली आणि पुढच्या नावावर गेली.

शेवटच्या वर्षी आम्हाला ओळखेनाशी झाली, पण यादी शाबूत होती. फक्त आजोबा परत आले त्यात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर उशाशी बसलेल्या काकाने हातानेच थांबवलं. यादी संपली, आणि ती वाट बघत राहिली. प्रार्थनेनंतर सगळ्यांचं आमेन ऐकल्याशिवाय ती डोळे उघडत नसे. काका म्हणाला, "आमेन." उपासनेला तो अजूनही जात नाही.

अकरा वाजून गेले. आजचे तीन उद्यावर टाकले तर उद्या सहा होणार, आणि सहाही नावांचेच.