डुकरं हाकलणारा बांबू

क्योतोत देवळांची मोजदाद करू नये, पाय दुखतात. तिसऱ्या दिवशी आम्ही नामांकित बागांचा नाद सोडला आणि एइझान रेल्वेच्या चिमुकल्या गाडीनं इचिजोजीला उतरलो. तिथून चढण चढत गेलं की बांबूच्या आडोशाला एक साधंसं दार लागतं. हे शिसेन-दो. आज झेन देऊळ आहे, पण १६४१ साली इशिकावा जोझाननं ते बांधलं स्वतःला राहायला. हा गडी मूळचा सामुराई. १६१५ च्या ओसाकाच्या लढाईत हुकूम मोडून पुढे घुसला, पराक्रमही केला, पण शाबासकीऐवजी पदरात पडली धन्याची नाराजी. मग तलवार सुटली ती सुटलीच. उतारवयात इथं घर केलं, आत छत्तीस चिनी कवींची चित्रं लावली आणि नव्वदीपर्यंत बागेत रमला. नाराजी कधी कधी बरी पडते म्हणायची.

बूट काढून तातामीच्या चटईवर टेकलो. समोर पांढरी वाळू, पलीकडे ताटात लाडू वळून ठेवावेत तशी छाटलेली अझेलियाची झुडपं. पाय पसरावेत की नाही, या विचारात असतानाच खालच्या बाजूनं आवाज आला.

टोक्!

मी दचकलो. बायको हसली.

मग खाली जाऊन बघून आलो. बांबूचा एक तुकडा, मधोमध तोललेला. उघड्या तोंडात पाण्याची बारीक धार पडते. भरला की वाकतो, पाणी ओतून टाकतो, हलका होऊन मागे पडतो आणि बूड दगडावर आपटतं. याला म्हणतात शिशी-ओदोशी. शिशी म्हणजे पिकात शिरणारी रानडुकरं, हरणं. ओदोशी म्हणजे त्यांना भेडसावणं. थोडक्यात, बुजगावण्याचा चुलतभाऊ! शेतातलं हे यंत्र बागेत आणलं ते जोझाननंच, असं सांगतात.

परत येऊन बसलो, पण आता बाग दिसेना. कान त्या बांबूकडे. आता वाजेल, आता वाजेल, म्हणून मनात आकडे मोजायचे आणि नेमकं मोजणं विसरल्यावर तो वाजायचा. शेजारच्या आजीबाई मात्र डोळे मिटून निवांत बसलेल्या. त्या आवाजानं त्यांची पापणीही हलत नव्हती.

मला आमची राजापूरकडची वाडी आठवली. भात पसवलं की आजोबा रात्र रात्र माळ्यावर बसायचे, रॉकेलचा रिकामा डबा बडवत, मध्येच 'हुर्र्यो' करून ओरडत. त्या डब्याला कुणी बागेत जागा दिली नाही. पुढे तो गंजला आणि त्यात तुळस लावली.

निघताना फोनवर तो आवाज टिपला आणि बाबांना पाठवला. सोबत लिहिलं, 'ओळखा कशाचा?' उत्तराची वाट बघता बघता गाडीतच झोप लागली. मग सगळं सविस्तर लिहून कळवलं. रात्री हॉटेलवर बाबांचा निरोप आला :

'एवढ्याशा टकटकीनं आपलं डुक्कर हलायचं नाही.'