दोष दारूचा नव्हता

रिव्हॉल्वरची काडतुसं मी घरीच भरतो. मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की युनिक ही बंदुकीची दारू सोडून २३१ ही दुसरी घेतली आणि .३८ स्पेशल काडतुसांची काजळी मिटली. ते शब्द परत घेतो. पुढच्याच शनिवारी साठ राउंड (काडतुसं) होईपर्यंत रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं घर, हाताने फिरवायला जड जायला लागलं. केसेस (काडतुसांची पितळी कवचं) बाहेरून निम्म्यापर्यंत काळ्याठिक्कर आणि फोर्सिंग कोनच्या, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाच्या, पुढे नळीत करड्या रेघा. वैताग याचा, की आदल्या शनिवारी तोच लोड (दारूचं तेच माप), त्याच १५८ ग्रेन वजनाच्या कास्ट, म्हणजे शिशाच्या ओतीव, गोळ्या आणि तोच रिव्हॉल्वर असताना नळी आरशासारखी निघाली होती. दारू अशी लहर बघून जळत नाही, हे तेव्हाच डोक्यात शिरायला हवं होतं. (पुण्याला फोनवर आईला ‘गॅरेजमध्ये दारू मोजतोय’ असं एकदा सांगून बसलो. पुढची पंधरा मिनिटं खुलासा चालू होता.)

पण मी दारूच्याच मागे लागलो. .३८ची केस काळ्या दारूच्या जमान्यातली, म्हणून आतून ऐसपैस. दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (पौंड दर चौरस इंचाला), म्हणजे नऊ एमएम पिस्तुलाच्या काडतुसाच्या ३५,००० च्या निम्मीसुद्धा नाही. हलका लोड भरला की पितळ फुगून चेंबरला, म्हणजे सिलिंडरमधल्या भोकाला, नीट चिकटत नाही, गॅस मागे येतो आणि केस काळवंडते. युनिकला ‘घाणेरडी’ म्हणणारे बहुतेक लोक तिला अशाच कमी दाबावर जाळतात. तिचे मोठे पापुद्रे दारू मापून टाकणाऱ्या मेझरमधून कधी कमी पडतात, कधी जास्त, हे कबूल. पण ती केसमध्ये जागा खाते. चुकून दोनदा पडली तर डोळ्यांना दिसते, आणि .३८ भरणाऱ्याला याहून मोठा दिलासा नाही. २३१ मात्र पाण्यासारखी ओतली जाते. एचपी-३८ ही तीच दारू, फक्त लेबल वेगळं, तेव्हा स्वस्त असेल ती उचला. चार्ज, म्हणजे दारूचं वजन, किती हे मला विचारू नका. चालू मॅन्युअल उघडा आणि खालून सुरुवात करा.

मित्राच्या डब्यातून थोडी टाइटग्रुप नावाची तिसरी दारू आणून तीही करून बघितली. काजळी कमी झाली, शिसं वाढलं. इथे ट्यूब पेटली. इतके दिवस मी ज्याला सरसकट ‘मळ’ म्हणत होतो, ते दोन वेगळे प्रकार होते. काळा थर सॉल्व्हंटच्या दोन पॅचमध्ये निघतो. करडी रेघ निघत नाही. तिला जुन्या ब्रशवर तांब्याची घासणी गुंडाळून खरवडावं लागतं. (घासणी घेताना लोहचुंबक लावून बघा, कित्येक घासण्या तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड असतात.) पांढऱ्या कागदावर चमचमणारे कपटे पडले, म्हणजे शिसंच. त्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहाला शिवायचं नाही.

शिसं म्हटलं की आधी माप बघायचं. सहाही थ्रोट, म्हणजे सिलिंडरच्या भोकांची पुढची तोंडं, ०.३५८ इंच, ते मी मागेच मोजून लिहिलं होतं. डब्यातली गोळीही ०.३५८. सगळं जिथल्या तिथे. रात्री अकराला भांडी घासताना सुचलं, की डब्यातून ०.३५८ ची निघालेली गोळी भरलेल्या राउंडमध्ये किती उरते, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

भरलेल्या राउंडमधून गोळी काढणाऱ्या पुलर हातोड्यात तळाशी कापूस घातला, म्हणजे नाक चेपत नाही, आणि दहा राउंड उकलले. मायक्रोमीटर लावला. (कॅलिपरवर या कामात विश्वास ठेवू नका.) चार गोळ्या ०.३५८, सहा ०.३५६. आणि त्या सहाही एकाच हेडस्टॅम्पच्या (केसच्या बुडावरचा शिक्का), जाड भिंतीच्या केसेसमधल्या! मी खुर्चीतून उठून गॅरेजमध्ये दोन फेऱ्या मारल्या.

चोर भरण्याच्या प्रेसच्या शेवटच्या स्टेशनवर बसला होता. गेल्या हिवाळ्यात दोन राउंड चेंबरमध्ये जाईनात, म्हणून मी कार्बाइडची कडी असलेली क्रिम्प डाय (केसचं तोंड गोळीवर आवळणारा साचा) बसवली. ती कडी भरलेला राउंड बाहेरून दाबून मापात आणते. जॅकेटेड (तांब्याचं आवरण असलेल्या) गोळीला चालून जातं. कास्ट गोळी जाड आणि केसही जाड असली की आतलं शिसंसुद्धा चेपतं. दाब निघाल्यावर पितळ थोडं परत फुगतं, शिसं फुगत नाही. म्हणजे गोळी बारीक झाली आणि केसची पकडही ढिली पडली. बारीक गोळीच्या कडेने गरम गॅस निसटून शिसं उडवतो, ढिल्या पकडीमुळे दाब वेळेवर चढत नाही आणि दारू अर्धवट जळते. दोन्ही मळांचं मूळ एकच. स्वच्छ निघालेली बॅच योगायोगाने पातळ केसेसची होती.

कडी ठोकून काढली. मुद्दाम युनिकच भरली, पन्नास राउंड, त्याच जाड केसेसमध्ये. रविवारी टेक्ससच्या उन्हात मारले. केसेसच्या तोंडाशी तेवढी राखाडी कडा. नळीतून तीन पॅच, तिसरा जवळपास पांढरा. क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेगातला फरक आधीच्या निम्म्यावर. तो तिसरा पॅच मी खिशात घालून घरी आणला, बायकोला दाखवला. तिने ‘छान’ म्हटलं, बास.

आता प्रश्न दोन डबे २३१चा आहे. धोकादायक मालाची फी वसूल व्हावी म्हणून घाईत जास्तीच मागवली होती. संपेल हळूहळू.

साधी रोल क्रिम्प डाय मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटतंय की ते दुसरं पाऊल झालं. ते दोन राउंड मुळात अडले का? माझा एक्स्पांडर, म्हणजे गोळी बसवण्याआधी केसचं तोंड रुंद करणारा दांडा, जॅकेटेड गोळीच्या मापाचा, आखूड आणि बारीक. कास्ट गोळी तिरकी बसते, केस एका बाजूने फुगते. म्हणजे आधी लायमन कंपनीची एम डाय (कास्ट गोळीसाठी केसचं तोंड नीट रुंद करणारी), आणि कडी काढल्यावर अडलेला प्रत्येक राउंड चेंबर गेजमध्ये (चेंबरच्या मापाच्या नळीत) घालून वेगळा ठेवायचा.

आणि वॉडकटर, म्हणजे सपाट नाकाच्या निशाणबाजीच्या गोळ्या, तर राहिलेच! ते केसमध्ये इतके खोल बसतात की बुडखा थेट जाड भागात जातो. तिथे कडी नसतानाही गोळी चेपत असणार. कारखान्याच्या वॉडकटर केसेस आतून जास्त खोलपर्यंत पातळ असतात, बाहेरून पुष्कळदा कोरलेल्या रेघांवरून ओळखू येतात. माझ्या बादलीत मिसळलेल्या दोनेक हजार केसेस आहेत. डाय येईपर्यंत त्या निवडायला बसतो.